काटा

पत्रकात वेळ दहाची.
जिनिंगचा भोंगा आठला वाजतो.
मधले दोन तास कुणाचे,
हे पत्रकात नाही.

म्हणून मी साडेसातलाच कुलूप काढते.
धरणगावची थंडी अजून ओट्यावर बसलेली असते,
तिला उठवते, सतरंजी अंथरते.
पहिली येते जागृती मालचे.
नाव जागृती, पण आईच्या कडेवरून
सरळ माझ्या मांडीवर आणि तिथून झोपेत.
रंजना चप्पल न काढता उंबऱ्यातूनच सांगते,
"रातभर खोकलनी ती, बाई. डबामा भाकर शे, कळनानी."
अर्धं वाक्य इथे,
अर्धं गल्लीच्या वळणावर.

मागच्या हंगामापर्यंत ही पोरं
मिलच्या फाटकाशी बसायची, वजनकाट्याच्या कडेला.
कापसाचा ट्रॅक्टर आला की उठायची,
गेला की पुन्हा काट्यावर उड्या.
एकदा केबिनमधल्या बाबूलालला विचारलं,
काय दाखवतो रे तुझा काटा?
"काहीच नाही, बाई.
वीस किलोखाली तो कुणाला ओळखत नाही."
दोघं-तिघं एकदम उभी राहिली असती
तर लागली असती हिशेबाला.
एकेकटं पोर म्हणजे शून्य.

आमचा काटा आढ्याला टांगलेला.
खाली कापडी झोळी, पायांसाठी दोन भोकं.
तौसिफ पिंजारी तिच्यात बसला की झोकाच घेतो.
हलू नको रे, मी म्हणते.
"मी कुठे हलतो? काटा हलतो."

जागृती, कार्तिकात : दहा किलो सहाशे.
माघात : अकरा चारशे.
वरचे आठशे ग्रॅम कशाचे?
थोडे मटकीच्या उसळीचे,
गूळ-शेंगदाण्याचे,
पंख्याखाली कुणी न हलवता झालेल्या झोपेचे,
आणि "अजून वाढू का गं?" ह्या प्रश्नाचेही असतील.
सुपरवायझर बाईंना मी नुसतं
'पोषण आहार' लिहून दिलं.

पत्रकात सुट्टी दोनची.
माझी सुट्टी भोंग्याबरोबर.
घरी हे विचारतात, पगार तेवढाच ना?
तेवढाच.
इथे मात्र चारनंतर एकच प्रश्न, अकरा तोंडांनी :
"माय कव्हय येई?"
मी घड्याळ दाखवते. लहान काटा सहावर आला, की.
त्यांना आकडे येत नाहीत अजून,
पण सहा कुठे राहतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मंगळवारी खोक्यांच्या पुठ्ठ्यावर चित्रं काढली.
ज्याची त्याची आई.
तौसिफच्या आईला सहा बोटं, बांगड्या कोपरापर्यंत.
जागृतीने आईला डोळे दिले, पदर दिला,
केसांना पांढरा खडू घासघासून लावला,
भुवयांनाही.
आजी का गं ही?
"आजी नही. माय शे."
मी काळा खडू तिच्यापुढे सरकवला.
तिने तो परत माझ्याकडे सरकवला.

सहाला रंजना दारात.
केसांत रुई, भुवयांवर रुई,
पापण्या मिटल्या की पांढऱ्या.
जागृतीने पुठ्ठा नेऊन आईच्या तोंडाशेजारी धरला
आणि माझ्याकडे बघितलं.
काय बोलणार?
काळा खडू मी डबीत ठेवून दिला.

रंजना जरा टेकली त्या दिवशी. पाणी प्याली.
वर बघत म्हणाली, "मन्हं बी करा ना वजन."
हा पंचवीसपर्यंतच गं, मी म्हटलं.
ती हसली.
"तठला ट्रॅक्टरना, आठला पोरेसना."
मग पोरगी उचलली, पुठ्ठा काखेत घेतला,
आणि वळणापर्यंत जाता जाता
जागृतीच्या केसांतही थोडी रुई उतरली.

मी खिडक्या लावते. सतरंजी झटकते.
आढ्याला झोळी अजून डुलते आहे,
आत कुणी नाही,
तरी सुई शून्याच्या
किंचित पुढे.