चिंधडे सरांची पाळी

फुजैराला, सातव्या मजल्यावर,
ड्यूटी नसलेल्या रात्री
मी जेवणाचं टेबल पुसते, सुकू देते
आणि बेटं मांडते.

एकवीस बेटं, एक दीपगृह, सहा लाकडी बोटी.
खोक्यावर छापलंय : खेळाडू एक.
इतक्या सरळपणे मला हे
कुठल्याच कागदानं सांगितलं नव्हतं.

समोरच्या खुर्चीपुढे पत्त्यांचा गठ्ठा. तो माझा प्रतिस्पर्धी.
आपली खेळी झाली की वरचं पान उलटायचं,
त्यावर असेल ते तो करणार.
विचार करत नाही, चहा मागत नाही.
मी त्याचं नाव ठेवलंय चिंधडे सर.
इयत्ता सातवी, गणित.
तेही असेच, वहीकडे न बघता
नेमकं माझं चुकलेलं उदाहरण फळ्यावर घ्यायचे.

आमच्या सिन्नरला पत्ते म्हणजे आरडाओरडा.
मे महिना, सतरंजी, पाच-तीन-दोन, मेंढीकोट,
झब्बू मिळाला की पाणी प्यायला उठणारा दिगूमामा,
आणि कुणाच्या तरी मांडीखाली हमखास एक एक्का.
रडीचा डाव खडी!
एकटीनं खेळताना रडी करायची कुणाशी?
केली एकदा.
फासा पलंगाखाली गेला. दोन पडले होते.
उचलताना मी मोठ्यानं पाच म्हणाले.
कुणी हललं नाही. एसी चालू होता.
तो डाव वहीत लिहिला नाही.

बाकीचे लिहिलेत. तारीख, गुण, विजेता.
ऑक्टोबरपासून खाली खाली :
सर. सर. सर. सर.
अकरा वेळा सर.

खिडकीबाहेर जहाजं नांगर टाकून उभी असतात
हुकूम यायची वाट बघत.
एकदा दिवे मोजले, चाळीसपाशी चुकले.
कुणालाच आपली पाळी आल्यासारखं वाटत नाही.

दिवसा मी लोकांची हाडं बघते.
श्वास घ्या, धरा, सोडा.
उर्दूत, थोड्या मल्याळीत, मोडक्या अरबीत.
मग भिंतीआड जाऊन बटण दाबते.
त्या क्षणी खोलीत फक्त पेशंट असतो, धरलेल्या श्वासासकट.

परवा बारावा डाव.
सरांच्या गठ्ठ्यात चांगलं पान उरलंच नव्हतं बहुतेक.
शेवटची बोट दीपगृहाला लागली, पहाटे दोन चाळीसला.
मी दोन्ही हात वर केले.
थोड्या वेळानं खाली घेतले.
सिन्नरला तेव्हा सव्वाचार वाजत आले असणार,
आणि अशा वेळी घरून फोन आला
की माणसं आधी रडायच्या तयारीत उठतात.

मग नियमांची पुस्तिकाच पुन्हा वाचत बसले.
पान नऊ, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात :
वादळात बोट बुडत नाही. एक घर मागे येते.

तीन महिने मी बोटी बुडवत होते!
दर वादळाला एक, मुकाट्यानं खोक्यात परत.
वही काढली. हिशोब केला.
अकरातले पाच तरी डाव माझे होते.
पेन्सिल घेतली, टोक केलं, ठेवून दिली.
सरांना इतक्यांदा दिलेलं
आता परत कोणत्या तोंडानं मागू?

शुक्रवारी शेजारची मारिव्हिक डबा परत द्यायला आली.
टेबल बघून म्हणाली, कोण येणारे?
कुणी नाही. हा एकटीचाच खेळ आहे.
तरी बसली, त्याच खुर्चीत, पाय वर घेऊन.
मग मी काय करू?

मी गठ्ठा तिच्याकडे सरकवला.

माझी बोट दीपगृहापासून दोन घरांवर.
तिनं पान उलटलं : वादळ.
चिंधडे सरांनी पान बघितलं, मला बघितलं,
बोट दोन बोटांत धरून
एक घर मागे ठेवली, आवाज न करता,
आणि म्हणाले,
सॉरी.