अर्धा आटा

फैजान, आधी हात त्या तांब्याच्या पट्टीला लाव.
पाया पडायचं म्हणून नाही रे.
तुझ्या टेरिलीनच्या शर्टात जी चुरचुर साठलीय
ती जमिनीला देऊन टाक.
उद्यापासून सुती घालून ये.

हे टोलिन. चलनावर टोल्युइन लिहितात,
वाळूजमध्ये जीभ तेवढी वळत नाही.
दिसायला पाणी,
पण पाण्यावर पडलं तर तरंगतं,
आणि तरंगता तरंगता जळतं.
म्हणून याच्या आगीवर बादली ओतायची नसते.
फेसाचा सिलिंडर तो, दाराजवळचा.
त्याच्यापुढं सायकल लावत जाऊ नकोस.

मे महिन्यात या पत्र्याखाली बेचाळीस असतं.
याला चार अंश पुरतात.
फ्रिजात ठेवलं तरी हे श्वास सोडत राहणार,
आणि तो श्वास धुरासारखा वर जात नाही,
जड असतो,
फरशीवरून सरपटत, नालीतून, उंबऱ्याखालून
बघत जातो, कुठं कोणी बिडी पेटवायलाय का.
सापडली, की गेल्या वाटेनं
घरी परत येतो, पेटलेला.

वास गोड आहे. पहिल्या दिवशी आवडंल तुला.
थोड्या वेळानं यायचा बंद होईल.
तेव्हा वास गेला असं समजू नकोस,
तुझं नाक गेलंय.
डोकं हलकं झालं, उगीच हसू यायला लागलं,
की बूच लाव आणि बाहेर लिंबाखाली जा,
मला विचारत बसू नकोस.
आमचे केरबा वस्ताद विचारत बसले.
आता त्यांना हाक मारायची तर
समोर जाऊन उभं राहावं लागतं.
कोणी म्हणतं मशीनचा आवाज, कोणी म्हणतं हे.
डॉक्टरनं दोन्ही लिहिलं.

हा पाना त्यांचाच. काशाचा आहे,
लोखंडासारखी ठिणगी पाडत नाही.
हातमोजे घाल. नाही घातलेस तर
दिवाळीपर्यंत बोटांना भेगा.
ही चिमटी ड्रमच्या काठाला लाव, रंग खरवडून,
दुसरं टोक पट्टीला.
आता बूच.
अर्धा आटा.
थांब.

ऐकलंस?
उन्हातून आलाय तो, दम लागलाय,
त्याला आधी बोलू दे.
मग पुरतं उघड. नळी तळाला टेकव,
धार उंचावरून सोडू नकोस,
वाहता वाहता यालाही वीज चढते.

आणि ते भिंतीकडचे, ज्यांना सगळे रिकामे म्हणतात.
भरल्या ड्रमात वाफेला जागा थोडी.
त्यांच्यात फक्त तीच राहते.

माझा साडू मुंजाजी, सेलूकडचा,
पोरीच्या लग्नात म्हणाला, दोन ड्रम द्या पाण्याला.
टँकर चार दिवसांआड, मांडवात पाचशे माणूस.
झाकणं कापायला वेल्डरसुद्धा ठरवून आला होता.
मी नाही म्हणालो.
गेटवर उभं राहून सगळं सांगितलं,
वाफ, ठिणगी, कापणाऱ्याचं तोंड कुठं असतं ते.
त्याला एवढंच ऐकू आलं
की साडू मोठा झाला.

लग्नाला गेलो. पत्रिका नव्हती, गेलो.
मांडवामागं दोन निळी टाकी, प्लास्टिकची, कोरी,
किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.
मी पेला भरला
आणि सवयीनं आधी नाकाशी नेला.
मुंजाजी बघत होता.
पाणीच होतं. प्यालो.
वेल्डर जेवायला बसला होता, तिसऱ्या पंगतीत,
जिलबी वाढून घेत,
त्याला यातलं काही माहीत नव्हतं.
साडू अजून बोलत नाही.

असू दे.
पाना ठेवताना आपटू नकोस.
चिमटी सगळ्यात शेवटी काढायची, बूच बसल्यावर.
आणि खरं सांग,
वास यायलाय का तुला अजून?
नाही?
चल. बाहेर चल.