बैसा

गुरुवारी संध्याकाळी सूरहून सुटते माझी बस,
सोहारहून त्याची.
नकाशावर फूटपट्टी ठेवून पाहिलं होतं एकदा:
मस्कत बरोब्बर मधोमध.
दोनचार किलोमीटर इकडेतिकडे,
यशोधन म्हणतो तुझ्या बाजूला, मी म्हणते तुझ्या.

महिन्यातून एकदा आम्ही राजधानीत
पाहुणे असतो एकमेकांचे.
रुवीच्या लॉजचा मॅनेजर तोंडओळखीचा झालाय,
तरी दर खेपेला लग्नाचा दाखला मागतो.
बार्शी नगरपरिषदेचा शिक्का, लॅमिनेट केलेला.
उजेडात धरून बघतो, मान डोलावतो,
जणू आत्ताच लावून दिलंय आमचं.

शुक्रवारी शहर दुपारपर्यंत उठत नाही.
मोठी मशीद पाहुण्यांना बंद.
आम्ही मत्रहच्या किनाऱ्यावर
निळ्या टाइल्सच्या कठड्याशी फोटो काढतो:
मागे गलबत, मागे किल्ला,
एकात माझे डोळे मिटलेले.
तोच सासूबाईंना जातो, कारण त्यात तो बरा आलाय.

सूकमध्ये धूप इतका
की ओढणीला आठवडाभर वास राहतो,
लॅबमधल्या पोरी विचारतात, कुठे गेली होतीस.
मला डाळिंबं दिसली. लहानपणी बाजारात
आई दाणे चाखून म्हणायची, मस्कती आहेत, घे.
म्हटलं, चला, माहेर सापडलं डाळिंबाचं.
खोका उलटा करून पाहिला:
सोलापूर.
यशोधन इतका हसला
की दुकानदारानं एक फुकट दिलं.

रात्री नौफलच्या हॉटेलात भाजलेली सुरमई,
एक प्लेट, दोन ताटल्या.
मग रस्त्याकडेच्या शेगडीवर मिश्काक,
कोळशाचा धूर डोळ्यांत,
चिंचेची चटणी त्याच्या शर्टावर.
तो सुट्टे मोजत बसतो.
रियालात हजार बैसा असतात,
पैशाचाच हा भाऊ, पण शंभरावर थांबत नाही.
पन्नासाचं नाणं माझ्या तळहातावर ठेवून म्हणतो,
बघ, केव्हापासून सांगतंय तुला.
बैसा.
आणि मी खरंच बसते, फुटपाथवर,
साडी असती तर विचार केला असता.

शनिवारी सकाळी मशीद.
डोक्यावरून ओढणी, हातभर बाह्या.
एवढा मोठा गालिचा,
आणि आपल्याला चालायला वरून टाकलेली
एक निळी पट्टी.
मी पट्टीवरूनच वाकून बोट लावून आले.
मऊ होता. कुणी पाहिलं नाही.

दुपारी हलव्याचं दुकान.
खमीसचाचा कढईत उलथनं फिरवत होते,
केशर, गुलाबपाणी, तुपाची चकाकी.
मुलानं कहवा ओतला, बिनकानाच्या पेल्यात.
इथली रीत अशी: पुरे झालं की पेला हलवायचा,
नाही हलवला तर ओतत राहतात.

तेव्हा यशोधन म्हणाला,
सलालाला बदली झालीय. पुढच्या एक तारखेपासून.

मी पेला हलवायचा विसरले.
पोरगा ओतत राहिला,
मी पीत राहिले,
चार, पाच.
सहाव्याला यशोधननेच माझं मनगट धरून
हलवलं हलकेच, डावीउजवी.

सलाला हजार किलोमीटर.
फूटपट्टी नव्हती. फोनवर बोटं ताणून पाहिलं,
मधोमध काय येतं.
हैमा.
वाळवंट, एक पेट्रोलपंप,
पंपाच्या मागे चहाचं हॉटेल,
आणि कुठेतरी कुंपणापलीकडे पांढरी हरणं,
लांब शिंगांची, म्हणे.
तो म्हणाला, बघायला काही नाही तिथे.
मी म्हटलं, हरणं आहेत की.
तो म्हणाला, लॉजही नसेल.
मी म्हटलं, दाखला तरी दाखवावा लागणार नाही.

रुवीच्या स्टँडवर दोन बस, दोन तोंडं.
त्याची आधी सुटली.
काचेआडून त्यानं हात हलवला, डावीउजवी,
पुरे झालं म्हणतात तसा.

माझी निघाली तेव्हा जागा नव्हती.
कंडक्टरनं टपाल-पार्सलं सरकवली,
बोटानं दाखवलं: इथे.
मुठीत ते नाणं होतं अजून.
पर्समध्ये सोलापूरचं डाळिंब,
फुकटचं, न सोललेलं.