सातवं कार्ड

सालेह चाऊस सरांनी फक्कीचा डबा तिरपा केला
आणि पूर्णेच्या लोको मैदानावर एक शिडी काढली.
खालची पायरी परभणी जिल्हा,
मग विभाग, मग राज्य,
मग देशाची तिसरी लीग, दुसरी, पहिली,
आणि पार वर, कॉर्नरच्या झेंड्यापाशी,
जिथं कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या,
तिथं लिहिलं : आशिया.

"मियाँ, देशात पहिले आलात
म्हणून आशियात बसायला मिळतंच असं नाही.
जागा देशाच्या नावावर असते.
आधीच्या सालांत आपले क्लब बाहेर जाऊन
किती जिंकले, किती बरोबरीत सुटले,
त्याची वही कोणीतरी लिहीत बसलेलं असतं.
वही चांगली, तर थेट तिकीट.
नाहीतर वेटिंग :
एकच सामना, परक्या गावात,
हरलात की उतरा खाली."

वेटिंग म्हटल्यावर आम्हाला सगळं कळलं.
आम्ही रेल्वे कॉलनीची पोरं.
अकोल्याकडची छोटी लाईन इथं संपायची.
माणसं बोचकी डोक्यावर घेऊन पूल चढायची
आणि पलीकडं मोठ्या लाईनीच्या डब्यात
टेकायपुरती जागा शोधायची.

मग सरांनी लायसन्सचा कागद वाचला.
क्लबाला दिवे पाहिजेत.
यार्डाचा टॉवर होता, उजेड अर्ध्याच मैदानावर पडायचा.
डॉक्टर पाहिजे.
कंपाउंडर गोणारकर यायचे, ड्युटी नसली तर.
तपासलेला हिशोब पाहिजे.
आनंदा खिल्लारेनं खिशातून वही काढली :
चेंडू एक, पंक्चर चार,
लिंबं दीड डझन, उधार.
आम्ही हसलो.
सर हसले नाहीत.
"हिशोब तर आहे ना," म्हणाले, "लिहीत राहा."

त्या साली जिल्ह्यात शेवटी दोघंच उरलो,
आम्ही आणि सेलू.
गुण सारखे, गोलफरक सारखा,
केलेले गोलसुद्धा सारखे,
आपसातला सामना एक-एक.
सचिव वट्टमवार नियमांचं पुस्तक
थुंकी लावून उलटत उलटत
शेवटच्या कलमाशी आले :
ज्याची कार्डं कमी, तो पुढं.

सेलूची सहा.
आमची सात.

सातवं माझं.
मानवतशी सामना, ब्याऐंशीवं मिनिट.
गोल मी केलाच नव्हता, शुद्धोधन ढगेनं केला होता.
मी नुसता शर्ट काढून गरगर फिरवत
कुंपणापर्यंत पळालो,
कारण पलीकडून नांदेडची गाडी चालली होती
आणि खिडकीतल्या एका अनोळखी माणसानं
आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

परतीच्या पॅसेंजरमध्ये सर काही बोलले नाहीत.
त्यांनी मला खिडकीची जागा दिली.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता मी पॉइंट्समन आहे.
छोटी लाईन उखडून मोठी झाली,
अकोल्याची गाडी सरळ निघून जाते,
बोचकं घेऊन पूल कोणी चढत नाही.
रात्रपाळीत, मधल्या रिकाम्या वेळात,
मोबाईलवर कुठल्याशा वाळवंटी शहरातला सामना लावतो.
आपला क्लब एक गोलनं मागं,
गटातून तर केव्हाच बाहेर पडलेला.
जोडीदार म्हणतो, बंद कर की,
हरले काय नि जिंकले काय, सारखंच.

सारखं नसतं, बाबा.
बरोबरीचंही वहीत पडतं.
ह्यांना नाही उपयोग, पण पुढच्या कुणालातरी
एका सामन्याचा पूल कमी चढावा लागेल.

जादा वेळेतलं तिसरं मिनिट.
मिरखेलहून मालगाडी सुटल्याची घंटी वाजते,
मी उठतो, एक डोळा मोबाईलवर,
आणि नेमका तेव्हाच चेंडू जाळ्यात.
एकवीस-बावीसचं ते पोरगं झेंड्याकडं पळत सुटलंय,
हात शर्टाच्या टोकाशी गेलाय,

मी कंदील उचलून अंधारात ओरडतो :
राहू दे रे अंगात, राहू दे.