मंगळवारी अर्धं तिकीट

माझं मत कुणी विचारत नाही, तरी सांगतो.
मी रात्री दोनला भट्टी पेटवणारा माणूस,
पाइसांदूत, नदीकडच्या गल्लीतल्या बेकरीत,
एकतीस वर्षं.
मंगळवारी चारच्या खेळाला असतोच.
बगलेत माते-चहाचा थर्मास, शेजारी ओदिला.

मागचा तो बर्फातला.
दोन भाऊ, एक कुत्रा, बापाची जमीन.
कुत्र्याचं काम उत्तम, भावांचं बेताचं.
थोरला पाव मोडतो तो त्या सकाळचा होता,
बोट लावल्यावर कसा खाली बसून वर आला,
आणि म्हणे सहा दिवस वादळात अडकलेत!
असल्या पावावर मी कुणालाही उपाशी मानत नाही.
मग मला डोळा लागला.

त्याच्या आधी पोलिसांचा.
त्यात फोन ठेवताना कुणी "बरं, ठेवतो" म्हणत नाही.
माझा मेहुणा वॉशिंग्टन
"बरं तर मग" म्हणाल्यावर पुढे वीस मिनिटं बोलतो,
त्यात बहिणीचं पित्ताशयही येऊन जातं.
गाड्या मात्र झकास फोडल्या. सात मोजल्या.
आठवी असेल तर माहीत नाही.

आणि तो जेवणाच्या टेबलावरचा,
दोन तास भांडण, एकाच्याही पोटात घास नाही.
लोक म्हणाले, काय अभिनय!
मी त्या सूपकडे बघत होतो.
वर साय धरली हो त्याच्यावर.

शेवट मला ओदिला सांगते.
औषधाच्या दुकानापासून आमच्या दारापर्यंत
तेवढ्या रस्त्यात मावतो कुठलाही शेवट.
भावांनी जमीन वाटून घेतली, कुंपण घातलं नाही.
चोराने पेटी होती तिथे परत ठेवली.
भांडणाऱ्या बाईने उठून सूप पुन्हा गरम केलं.
मी म्हणायचो, काही म्हण, हल्ली शेवट बरे करतात,
आणि कुलपात किल्ली फिरवायचो.

या आठवड्यात भट्टीची चिमणी उतरवली होती.
चार रात्री माणसासारखा झोपलो.
नदीला पूर, रस्ता बंद,
नवा सिनेमा अडकला वाटेत कुठे तरी,
म्हणून पुन्हा तोच बर्फातला लावला.
ओदिला म्हणाली, बघितलाय, तू जा.
गेलो. एकटा. टक्क जागा.

कुत्रा मेला.
तोही शेवटी नाही, मध्येच,
एक शिट्टी वाजते, कुणी येत नाही,
आणि धाकटा पट्टा खिशात घालतो, बस्स.
जमीन बँकेकडे जाते.
भाऊ दोन वेगळ्या बसमध्ये बसतात,
खिडकीतून हात करायचं म्हणून करतात.

दाराशी तिकीट फाडणाऱ्या एव्हारिस्तोला विचारलं,
गेल्या वेळी वेगळा होता का रे हा?
तो म्हणाला, काका, सिनेमा आहे, हवामान नाही.

घरी ओदिला शेंगा सोलत बसली होती.
मी टोपीसुद्धा काढली नाही. "कुत्रा?" म्हटलं.
तिने वर न बघता सांगितलं,
"तू घोरायला लागलास की पाच मिनिटांत मीही झोपते.
दिवे लागले की उठते.
तू रस्त्यात विचारायचास, मग काय झालं,
एवढा लांब रस्ता, काही तरी बोलायला नको?"

एक शेंग उडून कपाटाखाली गेली.
मी वाकून काढून दिली.
वाकल्या वाकल्या मला आठवले ते सगळे,
वाळवंटातून पोचलेला तो पोस्टमन,
बोटीतली बाई, जिला शेवटच्या क्षणी पोहता आलं,
तो म्हातारा, ज्याचा मुलगा स्टेशनवर उतरला.
उतरला असेल का?
विचारलं नाही.

तर माझं मत असं.
बर्फ जरा जास्त. पाव खोटा. कुत्रा अव्वल.
पहिली चाळीस मिनिटं जरूर बघावीत.
पुढचं हवं असेल तर आमच्याकडे या,
सहाच्या सुमाराला,
शेंगा असतातच सोलायला.