डाव्या पायाचं काय

सतरा पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी
शाल्मलीने माझ्या फिएस्टाच्या पाठीवर लाल एल चिकटवला,
जरा तिरकाच.
बॅराक्लफ मास्तर, तासाला अडतीस पौंड,
आणि फोनवर त्यांचा पहिलाच प्रश्न:
मॅन्युअल का ऑटोमॅटिक?

मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला.

हॅलिफॅक्समध्ये सपाट जमीन म्हणजे
सुपरमार्केटचं पार्किंग, तेही रविवारी उघडायच्या आधी.
बाकी सगळा चढ, नाहीतर उतार
आणि उताराच्या तळाशी लाल सिग्नल.
मास्तरांच्या आधी दोन रविवार मीच शेजारी बसले, फुकट.
अर्धा क्लच कुठे धरतो ते कानाने कळतं, म्हटलं,
इंजिनाचा आवाज जरा दबतो, जसा
माणसाचा दबतो खरं बोलायच्या आधी.
"आई, गिअरबॉक्स आहे. कविता नकोय."

सॉल्टरहेबलच्या चढावर गाडी तीनदा बंद पडली.
मागे डबलडेकर, तिच्या मागे पाववाल्याची व्हॅन.
कुणी हॉर्न वाजवला नाही.
वाजवला असता तर बरं झालं असतं.
इथली माणसं गप्प राहून वाट बघतात
आणि ते गप्प राहणं मानेवर येऊन बसतं.
चौथ्यांदा निघाली, जळका वास घेऊन.
वर पोचल्यावर तिने गाडी कडेला घेतली,
किल्ली फिरवली
आणि स्वच्छ मराठीत म्हणाली,
"मी ऑटोमॅटिक शिकणार."

मग माझी वकिली सुरू.
त्या परवान्यावर ऑटोमॅटिकच चालवता येते,
मॅन्युअलच्या परवान्यावर काहीही,
भाड्याची व्हॅन, मैत्रिणीचा खटारा, उद्या वेळप्रसंगी
"मला काहीही कुठे चालवायचंय?"
आणि थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत,
"तू किती वेळा बंद पाडलीस, शिकताना?"

मी मोजलं नव्हतं.
कराडला अण्णांचा टेम्पो, मागे गोटीसोड्याचे क्रेट.
अण्णा शेजारी सुपारी कातरत बसायचे, बोलायचे नाहीत.
बोलायच्या बाटल्या.
क्लच झटक्यात सुटला की दोनशे गोट्या
दोनशे गळ्यांत एकदम खुळखुळायच्या
आणि अण्णांचा अडकित्ता थांबायचा.
एवढंच.
ज्या दिवशी कोयनेच्या पुलावर तो थांबला नाही
त्या दिवशी मला गाडी आली.

हे तिला सांगितलं.
ती म्हणाली, "छान आहे. पण मागे बाटल्या कुठे आहेत?"

मार्चमध्ये पास झाली, दुसऱ्या खेपेला.
चंदेरी, छोटी, सेकंडहँड गाडी घेतली
चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एका बाईंची.
त्यांच्याही डाव्या पायाला बहुधा दुसरीकडे काम होतं.
डॅशबोर्डखाली विमा कंपनीची काळी डबी,
वळण जोरात घेतलं, ब्रेक करकचून दाबला,
सगळं टिपून ठेवते,
रविवारी फोनवर मार्क धाडते. ब्याण्णव.
अण्णांनी इतके कधीच दिले नसते.

आज रात्रपाळीला तीच सोडतेय मला.
तोच चढ. वर हॉस्पिटलचे दिवे.
सिग्नल लाल होतो
आणि माझा डावा पाय आपसूक
रबरी मॅटवर रुततो, जिथे काहीच नाही.
"आई, पाय."
नजर रस्त्यावरच.
मी पाय मागे घेते, पर्सखाली लपवते,
जसं काही पकडलं गेलंय.

हिरवा.
आत कुठेतरी दुसरा पडतो, मग तिसरा.
सवय आहे म्हणून मी मोजते,
तिला ऐकूही येत नाहीत, ती चढ बघतेय.
मी कान मागच्या सीटकडे लावून बसते.
मागे तिची हॉकी स्टिक, एक ओला टॉवेल
आणि माझा स्टीलचा डबा, त्यात सुटा चमचा,
जो वर पोचेपर्यंत
एकदाही वाजत नाही.