उतार

सेल्फ गेला तेव्हापासून
मुंबईचे उतार मला तोंडपाठ आहेत.
अँटॉप हिलचा, शिवडीच्या पुलाचा,
आणि भटवाडीतला हा अरुंद,
जिथं चाकाला दगड लावून
रोज रात्री झोपवतो हिला.

विकताना मेंडोन्सा म्हणाला होता,
"एका हातची गाडी आहे."
कुठल्या हाताची, ते बोलला नाही.

आधी पंप. मग नोझल.
मग हेड गॅस्केट, तेही दोनदा.
कुर्ल्याच्या गल्लीत ताजुद्दीन
डिपस्टिकवरचं ऑइल बोटानं चोळतो,
हुंगतो, बराच वेळ गप्प राहतो.
काळा धूर म्हणजे एक दुखणं, पांढरा म्हणजे दुसरं.
हल्ली निळा येतो.
"निळा म्हणजे?"
"निळा म्हणजे नोटा जळतायत, शेठ."

हेमांगीनं बंपरला लिंबू-मिरची बांधली,
अमावस्येला उतारा टाकला नाक्यावर.
हसलो नाही. मीही त्या दिवशी
डॅशबोर्डवर हात ठेवून काहीतरी पुटपुटलो होतो.

पहाटे चार. मागे इस्त्रीच्या चादरींचे गठ्ठे,
परळच्या इस्पितळाचे.
तिथं कुणाच्या तापाला उतार पडतो, कुणाच्या नाही,
चादरी मात्र सहाच्या आत लागतात.

पायानं दगड सारतो.
खालचं कुत्रं आळस देत बाहेर येतं.
दुसरा गिअर, क्लच दाबलेला,
आणि गाडी सुटते, बिनआवाजी,
झोपलेल्या खिडक्यांखालून
दहा-बारा सेकंद.
तेवढ्यात कुणाचंच देणं नसतं.

मग क्लच सोडतो. हिसका. खोकला. धूर.

सेल्फचे पैसे जमून दोन महिने झाले.
ताजुद्दीनला अजून सांगितलेलं नाही.